दहा पोत्यांचा एक नमुना

३ जून
हुश्श, लागली एकदाची नोकरी! पांढरा कोट घातल्यावर धाकटी बहीण पोट धरून हसली. म्हणे, आता ताईसाहेब म्हणायला हवं. आम्ही दोघीच घरात, चिडवणार तरी कुणाला?

काम वनौषधींची चूर्णं तपासायचं. काही झाडपाल्यात मुळातच विष असतं, ते यकृत नासवतं. यंत्राच्या आलेखावर टोक उमटलं की माल नापास. साहेब मोठे गोडबोले आहेत.

६ जून
इथली रीत अजब आहे. दहा पोत्यांतून चिमूट चिमूट घेऊन एकच नमुना करतात. मी म्हटलं, एकाच पोत्यात विष असलं तर नवांत मिसळून ते दिसायचंच नाही. साहेबांनी हसून विचारलं, झाडपाल्याने कधी कुणी मेलंय का? आणि पेन पुढे केलं. नवी नोकरी, काय बोलणार. केली सही.

१९ जुलै
टेबलाशी एक बाई आली. डोळे पिवळेजर्द. चूर्णाची डबी ठेवून म्हणाली, हे घेऊन माझी आठ वर्षांची लेक गेली. पास केल्याची सही तुमचीच ना? मी चक्क नाही म्हटलं. लाज वाटते लिहायला.
फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, सकाळपासून कुणीच आलेलं नाही.

२० जुलै
डबीवर डॉक्टरांचा नंबर होता. फोन केला. मायलेकी दोघी पंधरा दिवसांपूर्वीच गेल्या.

२२ जुलै
यंत्रात नुसतं शुद्ध पाणी घातलं. तरी टोक उमटलं. साहेबांचे डोळे पिवळे झालेत.

२४ जुलै
साहेब गेले. त्यांची बायकोही. मुलगाही — त्याने काय केलं होतं?
बाई यंत्रापाशी उभी होती. मी पाय धरले. म्हटलं, सही माझी, मला ने, बहिणीला सोड. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही पोतं पोतं बघत नाही, मग मी माणूस माणूस का बघू?

२५ जुलै
त्या दहाही पोत्यांतला गोदामात उरलेला माल वेगवेगळा तपासला. सातव्यात विष. खरा रिपोर्ट माझ्या सहीने पाठवला.
माझे डोळे अजून पांढरेच. का?

२६ जुलै, दुपार
धाकटीला फोन लावलाय. म्हटलं, घर सोड, आत्ता — काही खाऊ-पिऊ नकोस —
हसतेय. म्हणतेय, तुझ्या लॅबमधल्या बाई किती गं प्रेमळ, पंधरा दिवस रोज येतात, अगदी लेकीसारखं जवळ घेऊन मला स्वतःच्या हाताने —