यमुनामावशींचे मुदतबाह्य पस्तीस हजार

८ जानेवारी २००२, मंगळवार
अर्धा किलो पेरू घेतले आणि आयुष्यातला पहिला करार डोळसपणे केला! पेरूवाल्याने भाव सांगितला — ऑफर. मी "द्या" म्हणाले — अॅक्सेप्टन्स. त्याचे पेरू, माझे पैसे, म्हणजे दोन्हीकडून काहीतरी सुटलं — कन्सिडरेशन. हे सगळं मी त्याला समजावूनही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पेरू घेताय की पेपर देताय?"
लॉ कॉलेजचं दुसरं वर्ष. कोथरूडमध्ये माझ्याइतका कायदा कुणालाच येत नाही.

११ जानेवारी
बुद्धभूषणदादा बंगलोरहून परत आला त्याला आज दोन महिने झाले. कंपनीने एका सकाळी चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यात हा. रोज सायबर कॅफेत जाऊन बायोडाटा धाडतो. उत्तर नाही.
मी म्हटलं, "तू मला मोबाइल देणार होतास, पण बदल्यात मी काहीच देणार नव्हते. म्हणजे करार झालाच नाही. जा, मोकळा केला तुला!"
"उपकार झाले वकीलसाहेब."
हसला तरी.

१९ जानेवारी
काँट्रॅक्टच्या सरांना आम्ही तात्याराव म्हणतो. तोंडावर नाही! आज मुदतीचा कायदा. म्हणाले, "उसने दिलेले पैसे तीन वर्षांत मागायला कोर्टात गेला नाहीत, तर दावा मुदतबाह्य. कर्ज मरत नाही. कोर्टाचा दरवाजा बंद होतो."
वहीत आत्ता पाहिलं. 'दरवाजा बंद' एवढंच लिहिलंय. खाली दोन रेघा.

२२ जानेवारी, मंगळवार
आज मी पहिली केस जिंकले.
दुपारी यमुनामावशी आल्या. त्यांचं कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला पोळी-भाजी केंद्र आहे. दादाच्या कॉम्प्युटर कोर्सला बाबांनी त्यांच्याकडून पस्तीस हजार घेतले होते. बाबा पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झाले, दादाची नोकरी गेली, पैसे फेडायचे राहिलेत. बाबा बँकेत गेले होते. मावशी दारातच उभ्या राहिल्या.
"सीतारामभाऊंना सांग, जमतील तेवढे तरी द्या म्हणावं. गाळामालक तिथं सायबर कॅफे काढतोय. फेब्रुवारीअखेर सोडायचाय. दुसरीकडे डिपॉझिट मागतात."
मी विचारलं, "मावशी, पैसे दिले कधी?"
"जून अठ्ठ्याण्णव."
मी बोटांवर वर्षं मोजली. त्यांच्या देखत!
"मग आता मागता येणार नाहीत. तीन वर्षं उलटली. दावा मुदतबाह्य झाला."
पाणी दिलं होतं ते त्या उभ्यानेच प्यायल्या. "असं आहे होय? बरं झालं सांगितलंस. घरात शिकलेलं माणूस असलं की असा फायदा होतो."
पिशवी उचलली, गेल्या. माझं कौतुक केलं त्यांनी!

त्याच दिवशी, नंतर
बाबा जेवायला बसल्यावर सांगितलं. शाबासकीची वाट बघत उभी होते. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.
"तिला बसायला सांगितलंस का?"
एवढंच. भाकरी तशीच राहिली.

२३ जानेवारी
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पेपर वाचतात. तोच पेपर तिसऱ्यांदा.
दादा म्हणाला, "माझ्या हातात जे आहे ते तिच्या पोळ्यांच्या पैशातून आलंय. आणि तू तिला कलम ऐकवलंस?"
ते कौतुक नव्हतं. मला कळायला पुरता एक दिवस लागला. आणि मी वकील होणार!

२४ जानेवारी
तास संपल्यावर तात्यारावांना गाठलं. "सर, मुदतबाह्य कर्ज फेडायचंच असेल तर?"
"फेडा. कायदा आडवा येत नाही."
"पण आज सगळे पैसे नसतील तर?"
"पंचवीसचं पोटकलम तीन. देणेकऱ्याने लेखी वचन द्यायचं, खाली सही करायची. त्याला नवं कन्सिडरेशन लागत नाही. जुनं कर्ज पुरतं. झाला नवा करार." मग चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तकाला पुढचं पानही असतं, बाई."
कॅन्टीनमध्ये बसून उरलेलं प्रकरण वाचून काढलं. चहा गार झाला. बरंच झालं.

२६ जानेवारी
वचनाचा मसुदा केला. दोन पानी. बाबांनी शांतपणे वाचला.
"यात 'ज्याअर्थी' किती आहेत?"
"चार."
"काढ. तिला वाचून दाखवायचंय."
उरल्या तीन ओळी. किसान विकास पत्र मोडून दहा हजार फेब्रुवारीत, बाकीचे दरमहा पेन्शनमधून. दादाला एका क्लासमध्ये शिकवायला बोलावलंय — पगार ऐकून तो स्वतःच हसला — पण म्हणाला, माझीही सही घे. बाबा आज पहिल्यांदा माझ्याशी बोलले, तेही 'ज्याअर्थी'मुळे.
उद्या मी सोबत जाणार. माफी मागायची आहे. तिचा मसुदा काही होत नाहीये.

२७ जानेवारी, रविवार
माफी मागितली. अर्ध्यात रडले. मावशींनी आमचा कागद ऐकून घेतला, मग पिठाच्या डब्यामागून पैसे देताना केलेला त्यांचा जुना कागद काढून माझ्यापुढे उलटा धरला. मागे तीन ओळी: 'कर्ज मान्य आहे. सीताराम.' एप्रिल ९९, मे २०००, मे २००१.
मुदत संपायच्या आत असं लिहून सही केली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. दावा कधी मुदतबाह्य झालाच नव्हता!
"बाबा, तुम्हाला हा कायदा माहीत होता?"
"कायद्याचं मला काय ठाऊक? दर बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन येतो. यंदाही जमलं नाही असं सांगतो आणि सही करतो."
"मावशी, मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"
त्या पोळी उलटत म्हणाल्या, "परीक्षा जवळ आली असेल तुझी. म्हटलं, सराव होतोय तर होऊ द्यावा."