तांब्यातली हिरवी काठी

प्रिय बाबा,

तुम्हांला जाऊन चार वर्षं झाली. आज लिहितो आहे, कारण काल लाखनीच्या वाचनालयात धातूंवरचं एक पुस्तक चाळताना तुमची हिरवी काठी सापडली.

वितळलेल्या तांब्यात प्राणवायू मुरतो. तो तसाच राहिला, तर तांबं ठिसूळ होऊन हातोड्याखाली तडकतं. ओलं लाकूड त्यात बुडवलं, की लाकडातून निघणारे वायू तो प्राणवायू ओढून नेतात. सगळं मिळून दीड पान. जगभरच्या क्रांत्या वाचल्या मी, हे दीड पान कसं राहिलं?

तुम्ही बाभळीची ताजी फांदी तोडून आणायचे आणि मुशीत दाबून धरायचे. तांबं खदखदायचं. मग पळीभर ओतून, थिजताना त्याचा चेहरा बघायचे. खड्डा पडला, की पुन्हा काठी. सपाट आलं, की लगेच बाहेर. "जास्त झाली तरी बिघडते," म्हणायचे. हे तुम्हांला कोणत्या पुस्तकानं शिकवलं होतं?

आणीबाणी उठली त्या वर्षी मी चौकात अंधश्रद्धेवर बोललो. दाखला हवा होता, घरचाच दिला. "आमच्या भट्टीत तांब्याला काठीचा नैवेद्य दाखवतात!" सभा खदखदून हसली. तुम्ही मागे उभे होते. खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि निघून गेले. मी पाहिलं होतं, बाबा. तरी पुढचं वाक्य बोललो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मुशीत काठी टाकली नाही. पत्रे तडकले, पाण्याचे गुंड गळू लागले, गिऱ्हाईक तुटलं. वर्षभरात भट्टी थंड झाली. लोक म्हणाले, स्टीलनं मारलं. मीही तेच म्हणालो.

तुमच्या तेरवीला आई बोलली. तिनं तुम्हांला विचारलं होतं, "काहून टाकत नाही काठी?" तुम्ही म्हणाले होते, "भर सभेत बोलला तो. आता टाकली त पोरगा खोटा पडते."

ते ऐकूनही मला वाटलं, बाबांना माझं पटलं होतं.

एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतं. मी ऐकलं नसतं, हेही खरं.

आता मूस फुटली आहे. थिजत्या तांब्याचा चेहरा ओळखणारं आपल्या गल्लीत कोणी उरलं नाही. तरीही त्याच चौकात उभा राहून सांगेन, की त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. त्यानं काही परत येणार नाही. पण तुम्ही ज्याला खोटं पडू दिलं नाही, तो स्वतःच्या तोंडानं खोटा पडेल. एवढं वचन देतो.

तुमचा,
गणपत