टॉवेलखालचा हात

शनिवार, ८ मार्च
हरलो! एका गुणानं. शेवटचे दोन्ही फ्री थ्रो माझ्याकडे होते, दोन्ही बास्केटच्या रिंगवर आपटले. बाहेर येताना मी लंगडले. लंगडणाऱ्या कॅप्टनला कोणी बोल लावत नाही. बर्फही बांधून घेतला. गुडघा अगदी धडधाकट आहे. स्वतःचीच लाज वाटते.

मंगळवार, ११ मार्च
आज पाय कोणता, तेच विसरले होते! मार्लिसनं माझी बॅग उचलली. "दे इकडे, लंगडे." चार वर्षं ती बाकावर बसलीय, बॅगा मात्र सगळ्यांच्या उचलते.

रविवार, १६ मार्च
पिझ्झा, टीव्ही, सगळ्या एकसारख्या जॅकेटमध्ये. मोठ्या स्पर्धेसाठी निवडलेल्या संघांची नावं टीव्हीवर वाचून संपली. आमचं नाही. गावच्या चॅनेलचा कॅमेरावाला आमची तोंडं टिपतच राहिला.

सोमवार, १७ मार्च
दुसऱ्या स्पर्धेचं बोलावणं आलंय — उरलेल्या संघांच्या. पहिला सामना आमच्याच कोर्टवर, तोही सुट्टीत, म्हणजे खुर्च्या रिकाम्या.

कोच म्हणाल्या, "खेळलो तर मार्लिस सुरुवातीच्या पाचांत. बूट अजून दुकानातल्यासारखे आहेत गं तुझे!" सगळ्या हसल्या. मार्लिस लाजून लाल. तिची आई आजवर एकदाही सामन्याला आलेली नाही. लेक बाकावर बसणार, तर यायचं कशाला?

मग मी भाषण ठोकलं. "गुडघा गेला तरी बेहत्तर, मी खेळणार!" टाळ्या पडल्या.

मतदान नेहमीसारखं — डोक्यावर टॉवेल, माना खाली, ही स्पर्धा खेळायची असेल तिनं हात वर करायचा. निम्म्याहून जास्त हात लागतात. माझा मांडीवरच राहिला. हे उष्टं कोण खाणार, असं वाटलं.

"एका हातानं राहिलं," कोच म्हणाल्या. "जा घरी, पोरींनो."

मार्लिसनं बूट पुसले आणि खोक्यात ठेवले.

मंगळवार, १८ मार्च
एक हात. माझा!

गुरुवार, २० मार्च
मार्लिस सूप घेऊन आली. माझा पाय उचलून उशीवर ठेवला. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं. कमी पडला तो हात माझा होता. तू असल्या पायानं खेळणार म्हणालीस ना... मला नसतं बघवलं."

तिला दारापर्यंत सोडायला गेले. लंगडत.