उजवीकडचा श्वास

दि. १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला नमस्कार केला तर वर्षभर चिडवशील, म्हणून लांबूनच एक गुद्दा. आईचा गुडघा बरा आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातला एकेक नळ दुरुस्त करतायत, त्यामुळे आता सगळेच गळतात.

स्पर्धा संपल्या, पण सरांनी सुट्टी दिली तर शपथ! "आता वेग नको, फक्त पोहण्याची ढब सुधारायची," म्हणे. बाई गं, सावकाश पोहण्यानं नाकीनऊ आणलेत. मध्यंतरी त्यांनी माझा पाण्याखालचा व्हिडिओ दाखवला. श्वास घ्यायला मी दरवेळी डावीकडेच वळते, तेही अख्खी मान बाहेर काढून. सर म्हणाले, "तोंडापुरती वळ की! तिकडे कुणाला शोधतेस?"

"कुणाला नाही, सवय आहे."

कुणाला ते तुला माहीत आहे. लहानपणापासून माझ्या डावीकडच्या लेनमध्ये तूच असायचीस. तुझी ती रंग उडालेली टोपी दिसली की माझे हात आपोआप जोरात चालायचे. भिंतीला हात लावून वर बघावं, तर तू आधीच दोरीवर रेलून, "आलीस का गं एकदाची?" काय राग यायचा! आता त्या रागासाठी जीव तुटतो.

तुझा खांदा गेला, पोहणं सुटलं, लेन दुसऱ्या कुणाला मिळाली, तरी मान तिकडेच. मग सरांनी हुकूम सोडला, फक्त उजवीकडे श्वास. आधी नाकातोंडात पाणी गेलं, मग रडू आलं. पण जमलं गं. मान खाली राहते, हात लांब जातो.

बरं, नळांचं न् श्वासांचं पुराण पुरे. खरं सांगते. काल सरांनी सहज घड्याळ लावलं. तुझ्या विक्रमापेक्षा कमी वेळ लागला. सर नाचायचेच बाकी होते. मी म्हटलं, कुणाला सांगू नका. आईबाबांनाही सांगितलं नाही. तलावाचा विषय काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. फाडशील, पण वाचून फाडशील.

पुढच्या मोसमात हेच जमलं तर तलावावरच्या विक्रमांच्या पाटीवरून तुझं नाव जाईल. आणि मला ते हवंय, ताई. खोटं कशाला बोलू? पण त्यापायी तू मला नकोशी मानलंस, तर मी काय करू? चीड, तोंडाला येईल ते बोल, पण गप्प बसू नकोस.

पहिल्या शर्यतीला ये. मी तुला हरवणार आहे, आणि तेव्हा तू समोर हवीस.

तुझ्या मागे पोहत मोठी झालेली,
चिंगी