कमळाखालचा बोल्ट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्या कामाबद्दल तुमच्याशी बोलावंसं आज पहिल्यांदाच वाटतंय. मला भीती वाटते आहे. घरात जिन्यावरून कुणी उतरायला लागलं की माझा हात आपोआप पुढं होतो.

गेल्या महिन्यात जिन्याचा साधा कठडा काढून मी नवा बसवला. पितळी रंगाचे खांब, मधे वेलबुट्टी, वर गोळे, आणि खांबांचे बोल्ट झाकायला पायथ्याशी कमळाच्या आकाराची झाकणं. सगळं जुन्या जालन्यातून स्वतः निवडून आणलं. बायको म्हणाली, कारागीर बोलवा. मी म्हणालो, वेल्डिंगवाल्याचा मुलगा आहे मी. बँकेत सह्या करणाऱ्या माणसाला असं म्हणायला काय जातं! वरच्या वळणावर भोक पाडताना फरशी तडकली. बोल्ट आत नुसता फिरत राहिला, धरेना. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मी भोकात पुट्टी भरली, बोल्ट तसाच दाबला आणि वरून कमळ बसवलं. छान दिसत होतं.

आणि तुमचं मस्तगडातलं दुकान आठवत नव्हतं, असंही नाही. मी दहावीत आहे. एका कठड्याचा सांधा मी मारलाय, तो आत पोकळ राहिलाय, आणि मी वरून पुट्टी घासून रंग दिलाय. तुम्ही बोटानं टकटक करता, कटर चालू करता आणि अख्खा सांधा कापून काढता. "दिसायला बराबर हाय," तुम्ही म्हणता. "पण लोक याला बघाया न्हाई, धराया येतेत. म्हातारं माणूस धरल, लेकरू धरल. तू कुणाला फसवून राह्यलास?" तेव्हा मला चुकीपेक्षा समोर गिऱ्हाइकं उभी होती याचंच जास्त वाईट वाटलं होतं.

पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी खाली चपला घालत होतो. माझी सहा वर्षांची मुलगी वरून कठड्यावर पोट टेकून ओणवी झाली. "पप्पा, जिलेबी आणाल का?" मी वर पाहिलं. तिच्या शेजारचा खांब हलला. कमळ फरशीपासून बोटभर उचललं गेलं आणि पांढरी भुकटी पायरीवर सांडली. ओरडलो असतो तर ती दचकली असती.

"आणतो," मी कसंबसं म्हणालो. "आधी मागं सरून भिंतीला पाठ लाव बघू."

"का?"

"तुझी उंची बघायची आहे, खालून."

"आत्ता?"

ती हलेना. तेवढ्या वेळात मी तिला किती वेळा पडताना पाहिलं, ते सांगता यायचं नाही. मग ती हसली, मागं सरली, भिंतीला टेकून ताठ उभी राहिली. मी धावत वर गेलो, तिला एका हातानं कवटाळलं आणि दुसऱ्या हातानं खांब ओढून पाहिला. तो मुळासकट उपसून आला. "पप्पा, मग किती उंच झाले मी?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं सगळी कमळं काढली, एकेक बोल्ट तपासला. आता कठडा पक्का आहे, मी स्वतः लोंबकळून पाहिलं, तरी झोपेत मला ती भुकटी सांडताना दिसते.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. काम करता करता मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, हे कुणी बसवल्तं? बिलकुल जीव घ्यायचं काम हाय." बायको आत स्वयंपाकघरात होती. मी म्हणालो, "होता एक म्हातारा कारागीर, मस्तगडातला. आता नाही तो." त्यानं मान हलवली आणि तुम्हाला एक शिवी दिली. मी त्याला पुढचा बोल्ट दाखवला.

हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाहीये. मिस्त्रीचा नंबर माझ्याकडे आहे, बाबा. मी अजून फोन केलेला नाही.