पोरगी वाळली रे

प्रिय समी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हसली असशील. शाळेत माझ्या वह्यांवर नाव तूच घालायचीस, कारण मी लिहिलेलं ‘विनीत’ बाईंना ‘विनंती’ वाटायचं. आज ही विनंतीच समज. दर फोनला तू विचारतेस, दादा, डोंबिवलीला कधी येतोस, आणि मी घोडबंदरच्या ट्रॅफिकवर ढकलून मोकळा होतो. ट्रॅफिक आहेच गं, पण कोणी दोन-दोन आठवडे माजिवड्याच्या सिग्नलला अडकून पडत नाही. इन्सुलिन टोचताना अजून डोळे मिटतेस का? हळूहळू सवय होईल म्हणतात. म्हणणाऱ्यांना टोचून घ्यावं लागत नाही, ते सोड.

तुला आठवतं, आधी माझ्या फिटनेसच्या पेजवर मी एकटाच होतो. दिवसभर जिममध्ये लोकांना ट्रेनिंग द्यायचं आणि संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर हितेशच्या हातात फोन देऊन स्वतः पुश-अप्स मारायचे. बघायला कोण, तर आपली मामी आणि प्रोटीनचे डबे विकणारे. हितेशच एकदा वैतागून म्हणाला, ‘भाई, तुझे दंड कोणाला बघायचेत? साधं माणूस आण, बघून लोकांना वाटलं पाहिजे की ही तर आपल्यातलीच.’ मी घरातलंच साधं माणूस उचललं. तुला व्यायामाची काडीची हौस नव्हती, तू माझ्यासाठी उभी राहिलीस. पहिल्याच व्हिडिओत स्क्वॉट मारताना धपकन बसलीस आणि ‘दादा, आता उचल मला’ म्हणालीस. लोकांना तू आवडलीस. मी मात्र माझं शिकवणं आवडलं म्हणून कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग तुझं वजन उतरायला लागलं, आणि भराभर उतरलं. मी दिलेल्या आहाराने एवढं उतरत नाही हे मला कळायला हवं होतं. कळतही असेल, पण पेजचे आकडे वर चढत होते, तुझं वजन खाली येत होतं आणि दोन्ही माझंच कर्तृत्व होतं. अशा वेळी कोण स्वतःला प्रश्न विचारतं?

आणि मग आईची ती रील. मी तुझा डबा शूट करायला आलेलो. तू फ्रिजपाशी बाटली भरत होतीस. आईने मध्येच येऊन तुझा दंड चिमटीत धरला आणि म्हणाली, ‘अरे विनीत, बघ ना, पोरगी वाळली रे माझी!’ आपल्या घरात ‘बारीक झालीस’ हे कौतुक असतं आणि ‘वाळलीस’ ही काळजी असते, हे मला काय शिकवायला हवं होतं? पण मी त्याच्याखाली ढोल-ताशा लावला आणि वर लिहिलं, ‘आईकडून सर्टिफिकेट!’ दुसऱ्या दिवशी उठलो तर पेज कुठल्या कुठे गेलेलं. बायका लिहीत होत्या, आम्हालाही वाळायचंय. मी लगेच ‘वाळायचंय?’ हीच पेजची ओळ करून टाकली. भाजीवाल्यापाशी आईला एका मुलीने थांबवलं, ‘तुम्ही वाळलीवाल्या आई ना?’ आई केवढी लाजली होती, आठवतं? घरी येऊन तीच रील पुन्हा पुन्हा बघत बसली.

त्यानंतर तुझ्या शरीराने जे जे सांगितलं त्याचा मी व्हिडिओ केला. तुला सारखी तहान लागायची, तर मी तुझ्या हातात मोठी बाटली दिली आणि ‘समीसारखं पाणी प्या’ म्हटलं. तू रिक्षात बसल्या बसल्या झोपायचीस, तर मी झोपेच्या महत्त्वावर बोललो. तू म्हणालीस, दादा, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तर मी म्हटलं, थोडी सहनशक्ती वाढव. हे तू हॉस्पिटलमध्ये कोणालाच सांगितलं नाहीस. डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस काहीच जाणवलं नाही का, तेव्हा तू माझ्याकडे न बघता नाही म्हणालीस. शुगर एवढी वाढेपर्यंत घरात एक फिटनेसवाला होता, हे तू झाकलंस. त्या दिवशी शूटिंगच्या मधोमध तू खाली बसलीस, तेव्हा मला आधी वाटलं की पहिल्या व्हिडिओसारखी गंमत करतेयस. हितेशने फोन टाकून तुला उचललं. मी उचललं नाही, समी. मी हसत होतो.

परवा फोनवर तू जे बोललीस त्याचं उत्तर म्हणून हे लिहायला बसलो. तू म्हणालीस, ‘आई माझ्याकडे बघतच नाही रे. ताट ठेवते आणि तोंड फिरवून आत जाते. माझ्या आजारपणाचा कंटाळा आला असेल.’ कंटाळा नाही गं, वेडे. आईने मला हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं होतं. तिला वाटतं, तुला तिचीच दृष्ट लागली. आईची दृष्ट सगळ्यात आधी लागते म्हणतात, आणि तिने तर भर कॅमेऱ्यासमोर, लाखो लोकांच्या देखत पोरीला ‘वाळली’ म्हटलं. ‘माझी जीभ जळो, मी बोलले आणि खरं झालं,’ म्हणाली. रोज तिन्हीसांजेला तुझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवतानाही ती तुझ्या पायांकडेच बघत असेल, लक्ष दे. तुला पुन्हा लागू नये म्हणून तिने तुझ्याकडे बघणंच सोडलंय. आणि मी त्या जिन्यात तिच्या पाठीवरून हात फिरवला, ‘असं काही नसतं’ एवढंच पुटपुटलो आणि पार्किंगमध्ये निघून गेलो.

मी माफीचाही व्हिडिओ केला होता. साधा टी-शर्ट, मागे भिंत, आवाज पडलेला. एकदा केला, पुन्हा केला, मग दोन्ही बघून ठरवायला लागलो की रडू कशात खरं वाटतंय. तेव्हा माझी मलाच किळस आली. दोन्ही पुसले. ती रीलही काढून टाकली. हितेश ओरडतोय, ओरडू दे. समोर येऊन सांगितलं असतं, पण मी दारात आलो की आई चहा टाकते, आणि तो चहा पिऊन मी काहीही न बोलता परत गेलो असतो. स्वतःला तेवढं ओळखतो आता.

पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. टीव्हीला लाव, मागच्या बाजूला, जिथे बाबा भजनांचा लावायचे. आईच्या त्या रीलच्या दिवशीची क्लिप आहे, मी कापण्याआधीची. ‘पोरगी वाळली रे माझी’ झाल्यावर दाराची बेल वाजते आणि तू हसत बाहेर पळतेस. पुढचं तू कधी ऐकलंच नाहीस. आई फोनच्या जवळ येऊन मला म्हणते, ‘हे बरं नाही दिसत. तुझे व्यायाम-बियाम ठेव बाजूला, आधी डॉक्टरकडे ने तिला.’ त्यावर माझा आवाज आहे, ‘आई, हा फिटनेस आहे, आजार नाही. असलं बोलून तिचा धीर खचवू नकोस.’ आणि आई म्हणते, ‘बरं बाबा, तुला जास्त कळतं.’ कापलेली रील तिने इतक्यांदा पाहिलीय की आता तिलाही तेवढंच आठवतं. माझ्या फोनमधून मी ही क्लिप पुसलीय, म्हणजे उद्या मला हिचंही काही करावंसं वाटायला नको. आईला टीव्हीसमोर बसव आणि आवाज मोठा करून शेवटपर्यंत ऐकव, माझ्या आवाजासकट. मग तिचा चेहरा धरून स्वतःकडे वळव आणि सांग, आई, दृष्ट नव्हती गं, आपल्या घरात नीट बघणारी तू एकटीच होतीस. आता माझ्याकडे बघ.

तुझाच,
दादा