भिंतीतली कडी

सक्करदरा, नागपूर
११ मार्च १९७२

चि. सौ. सिंधूस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईस अर्धांग होऊन दोन महिने झाले. वाचा व उजवा हात अद्याप परतला नाही. रामदासपेठेतील डॉक्टरांच्या मते पोटात अन्न जाणे हेच मुख्य औषध. परंतु चार दिवस ती माझ्या हातून घास घेत नाही.

दुसरे वर्तमान असे, की भाडेकरू चंद्रभान व सुभद्रा यांनी चार दिवसांपूर्वी खोली सोडली व पलीकडे जरीपटक्यास बिऱ्हाड केले. नुकताच चुना दिलेल्या भिंतीत, आईच्या खाटेच्या वर, चंद्रभानने मला न विचारता लोखंडी कडी ठोकली. मी अंगणात सर्वांदेखत खोली रिकामी करण्यास सांगितले. त्याने उलट शब्द काढला नाही, त्याचा मला अधिकच राग आला. सुभद्रा रोज आईस भरवीत असे, हे खरे. परंतु उच्चारलेला शब्द मी मागे घेत नाही.

जावईबापूंस नमस्कार, मुलांस शुभाशीर्वाद.

रुपराव

पुलगाव
१५ मार्च १९७२

तीर्थरूप बाबांस सिंधूचा शि. सा. नमस्कार.

बाबा, ती कडी मीच ठोकायला सांगितली होती, मागे आईला बघायला आले होते तेव्हा. तिला दोर बांधला, की आईला डाव्या हाताने धरून उठता येईल. तुम्हाला विचारायची मला भीती वाटली. माहेरी मला बोलणी बसू नयेत, म्हणून चंद्रभानभाऊंनी माझं नाव घेतलं नसेल. आईला बोलता येत असतं, तर काहून जी, भिंत जेवू घालते का तुम्हाले, असंच तिनं विचारलं असतं.

तुमचा राग दुधासारखा. उतू गेला, की तुम्हीच चूल पुसत बसता. धाकट्याला गोवर आलाय, मला निघता येत नाही. तेवढं जरीपटक्याला त्यांच्याकडे जा.

माझ्यावर रागवा, पण माया कमी करू नका.

सिंधू

सक्करदरा, नागपूर
२४ मार्च १९७२

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. रविवारी जरीपटक्यास गेलो. काय बोलावयाचे ते वाटेत पाठ केले होते. सुभद्रेने पाण्याचा गडवा पुढे केला आणि एकही शब्द आठवेना. चूक माझी, खोली तुमचीच आहे, एवढेच चंद्रभानास म्हणालो. तो हात जोडून म्हणाला, की बाबूजी, आता नाही जमत, तुमच्या आवाजाले लेकरं भेतात. सुभद्रा मात्र म्हणाली, की मायचा काय गुन्हा, मी येत जाईन.

ती रोज दुपारी, दोन बसगाड्या बदलून येते. तिच्या हातून आई वाटीभर पेज घेते. मी खाटेजवळ उभा राहिलो, की तोंड मिटते. काल ओरडावेसे वाटले, की चव्वेचाळीस वर्षे संसार केला, आणि मी परका? दात आवळून बाहेर आलो. हे पूर्वी जमले असते, तर बरे झाले असते.

आता सुभद्रा आली, की मी ओट्यावर बसतो. आतून चमच्याचा आवाज येतो. घास मोजतो. याहून अधिक मला काही करता येत नाही.

धाकट्यास जपणे. तुझ्यावर राग नाही.

रुपराव